चूक माझी नव्हती, म्हणून मी कळवलंच नाही

ऑगस्ट २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमन सही घेऊन एक जाड पाकीट देऊन गेला. मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. उघडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. सामनेवाले क्रमांक एक म्हणून माझं नाव, क्रमांक दोन माझी विमा कंपनी. मागणी सहा लाखांची. पहिल्या पानावर लिहिलं होतं की मी गाडी बेदरकारपणे चालवत होते, कोणताही इशारा न देता अचानक ब्रेक मारला, म्हणून मागून येणारा दुचाकीस्वार धडकून जखमी झाला.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि ते पान तीनदा वाचलं. सात महिन्यांपूर्वी मीच त्या पोराला उचलून दवाखान्यात नेलं होतं.

तो दिवस १८ जानेवारीचा, बुधवार. मी सांगलीहून जयसिंगपूरला घरी येत होते. साखर कारखाने जोरात चालू होते. त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या रस्त्यावर गाडी चालवणं कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. अंकलीचा पूल ओलांडला आणि उदगावच्या अलीकडं पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. ट्रॅक्टरला उजवीकडं वळायचं होतं आणि समोरून वाहनं थांबत नव्हती, म्हणून तो उभा राहिला. मी त्याच्या मागं उभी राहिले. चारी इंडिकेटर लावले. अर्धा मिनिट तरी गेलं असेल. मग मागून धाडकन आवाज आला आणि मान पुढं जाऊन मागं आपटली.

खाली उतरले तर दुचाकी आडवी पडलेली, पुढचं चाक माझ्या बंपरखाली, आणि एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं रस्त्यावर बसलेलं. डावा पाय धरून म्हणत होतं, "मावशी, दिसलं न्हाई ओ मला." हे त्याचे शब्द मला आजही तसेच्या तसे आठवतात. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरून आला, ऊसतोड टोळीतली दोन माणसं आली, शेजारच्या चहाच्या टपरीवाल्यानं पाणी आणलं. सगळ्यांनी मिळून त्याला माझ्याच गाडीत मागं बसवलं. निघण्याआधी घरी यांना पाठवायला म्हणून मी मोबाईलवर तीन फोटो काढले. त्या वेळी त्यात पुरावा वगैरे काही मनात नव्हतं.

पायाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यानं नेहमीप्रमाणे पोलिसांना कळवलं, दुसऱ्या दिवशी हवालदार येऊन माझा जबाब घेऊन गेले. मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला जायचा. त्याचे मामा आले तेव्हा त्यांच्या खिशात दीड हजार होते आणि दवाखाना भरतीसाठी पैसे मागत होता. मी पाच हजार भरले. मामा हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचे उपकार झाले."

हे मी एवढं सविस्तर लिहिते, कारण पुढं यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा अर्थ लावला गेला.

घरी आल्यावर जेवताना विषय निघाला. भाच्यानं एमपरिवहन अॅपवर त्या दुचाकीचा नंबर टाकला, तर विम्याची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपलेली. म्हणजे माझ्या गाडीच्या नुकसानीसाठी पलीकडच्या विमा कंपनीकडं जायची वाट बंद. आणि मोडक्या पायाच्या पोराकडून बंपरचे पैसे मागायचे हे मनालाही पटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आपली चूक न्हाई, कशाला कुणाला काय कळवायचं? कळवलं की आपणच काय तरी केलं असं हुतंय." मला ते त्या वेळी अगदी बरोबर वाटलं.

माझा व्यवसाय हिशेबाचा. एका कापड पेढीचे आणि दोन दुकानांचे हिशेब मी बघते. म्हणून विम्याचा दावा करायचा की नाही, हे मी कागदावर मांडलं. गाडी २०१९ ची वॅगनआर. गॅरेजवाल्यानं ८,७०० रुपये सांगितले: बंपर २,९००, डिकीचं डेंटिंग २,२००, रंगकाम ३,६००. माझ्या पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणाची कपात (घसारा) न करता पैसे मिळायची सोय, नव्हती. त्यामुळं प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घसारा-कपात, म्हणजे बंपरचे १,४५० च मिळणार. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मी कपात, म्हणजे ४५० गेले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये आपल्या खिशातून भरायचेच असतात. हातात येणार होते ५,८००.

आता दुसरी बाजू. मी एकदाही दावा केला नव्हता, त्यामुळं नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २०, २५, ३५ टक्के असा चढत आला होता आणि एप्रिलच्या नूतनीकरणाला ४५ टक्के होणार होता. त्याच्यापुढं ५० ला थांबतो. दावा केला की शून्यावर, मग पुन्हा २० पासून चढायचं. हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. तो माझा साधारण पाच हजार होता. पाच वर्षांचा फरक मांडला: २,२५०, मग १,५००, मग १,२५०, मग ७५०, मग २५०. बेरीज सहा हजार. ५,८०० मिळवायला सहा हजार घालवायचे. दावा न करणंच शहाणपणाचं होतं, आणि ते मी आजही म्हणेन. लहानसहान ठोकरीला आधी हा हिशेब मांडा, मगच गॅरेजवाल्याचं ऐका. चूक समोरच्याची असली तरी तुम्ही तुमच्या पॉलिसीतून दुरुस्ती घेतली की बोनस जातोच. तिथं चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण पद्धत तशी आहे.

माझा हिशेब बरोबर होता. चुकलं ते पुढं. दावा करायचा नाही म्हणजे कळवायचंही नाही, असं मी धरून चालले. या दोन गोष्टी एकच आहेत असं माझ्या डोक्यात होतं, आणि मी ज्यांना ज्यांना नंतर विचारलं त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यातही तेच होतं.

नोटीस आल्यावर मी पहिल्यांदा माझी पॉलिसी पूर्ण वाचली. चार वर्षं हप्ता भरत होते आणि अटींचं पान कधी उलटलं नव्हतं. पहिलीच अट: अपघात झाल्यावर ताबडतोब कंपनीला लेखी कळवावे, आणि त्यासंबंधी येणारं प्रत्येक पत्र, मागणी, समन्स मिळताच कंपनीकडं पाठवावं. दुसरी अट: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं कुणाकडं चुकीची कबुली द्यायची नाही, कसलं आश्वासन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. दुसरी अट वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कारण नोटिशीच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: सामनेवाले क्रमांक एक यांनी आपली चूक मान्य करून दवाखान्यात पाच हजार रुपये रोख भरले.

उपकाराचे पैसे कबुलीचे झाले होते.

मग ओळखीच्या वकीलबाईंकडं गेले. त्यांनी मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ काढून समोर ठेवलं. हे कलम मला माहीत होतं ते एवढंच की जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना चोवीस तासांत कळवायचं. त्यात पुढं आणखी एक पोटकलम आहे. विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील. ही जबाबदारी चूक असलेल्या चालकाची असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. तुमची गाडी अपघातात होती आणि कुणाला इजा झाली किंवा कुणाची वस्तू मोडली, एवढंच पुरेसं आहे. आणि हे कलम पाळलं नाही तर कलम १८७ मध्ये शिक्षाही आहे. बाई म्हणाल्या, "तुम्ही पोराला नेलंत, पोलिसांना जबाब दिलात, पोटकलम क आणि ख पाळलंत. ग राहिलं."

मी त्यांना विचारलं, की आता कंपनी हात वर करेल का. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला जरा धीर आला. तिसऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे विमाधारक आणि कंपनी सोडून इतर कुणाच्या, दाव्यात विमा कंपनीला कोणत्या कारणांनी जबाबदारी नाकारता येते, याची कायद्यात ठरलेली यादी आहे, जसं की चालकाकडं वैध लायसन्स नसणं. उशिरा कळवलं हे कारण त्या यादीत नाही. त्यामुळं कंपनीला माझ्या बाजूनं उभं राहावंच लागणार होतं. पण उभं राहायचं तर हातात काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या शाखेत गेले. तिथले साहेब वयानं माझ्याएवढेच, बोलायला सभ्य. नोटीस, लायसन्स, आरसी, पॉलिसी सगळ्यांच्या झेरॉक्स घेतल्या, उशिराचं कारण लिहून मागितलं. मग म्हणाले, "मॅडम, दावा का केला नाहीत ते मला समजतंय. पण नुसतं कळवलं असतंत तर आम्ही त्याच आठवड्यात माणूस पाठवला असता." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

कारण आता कोण सापडणार होतं? अपघात डोळ्यांनी पाहिलेली तीन माणसं होती, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि टोळीतले दोघं. हंगाम संपला तशी टोळी बीडकडं परत गेली होती. कारखान्याच्या शेती खात्यात चौकशी केली, तर मुकादमाचा नंबर मिळाला आणि तो बंद होता. चहाची टपरी उठली होती. गॅरेजवाल्यानं जुना बंपर भंगारात दिला होता. मी स्वतः तिथल्या दोन दुकानांत जाऊन विचारलं. एकाला आठवतच नव्हतं. दुसरा म्हणाला, "बाई, हंगामात रोजच काय तरी हुतंय हितं." जानेवारीत जी माणसं पाणी घेऊन धावली, त्यांची साधी नावंसुद्धा मी विचारून ठेवली नव्हती.

वाचवलं ते त्या तीन फोटोंनी. मोबाईल मध्ये बदलला होता, पण मूळ फोटो गुगलवर राहिले होते आणि त्यांवर वेळ होती, सात वाजून चौदा मिनिटं. एका फोटोत माझी गाडी, तिच्या पुढं तीनेक फुटांवर ट्रॉलीचा मागचा भाग आणि मागं दुचाकी, असं तिन्ही एकत्र आलं होतं. कंपनीच्या वकिलांनी तोच फोटो उचलला. इतक्या कमी अंतरात मी अचानक ब्रेक मारून थांबले असते तर ट्रॉलीतले ऊस काचेतून आत आले असते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पोलिसांच्या पंचनाम्यातही ट्रॅक्टर उभा असल्याची नोंद होती.

त्या मुलाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. सुरुवातीला मला संताप आला होता. दिसलं नाही म्हणणाऱ्या पोरानं कागदावर असं लिहून द्यावं? पण वकीलबाईंनी समजावलं तेव्हा चित्र वेगळं दिसायला लागलं. त्याचा स्वतःचा विमा चालू असता, तरी त्या पॉलिसीचा थर्ड पार्टी भाग दुसऱ्यांसाठी असतो. चालवणाऱ्याच्या मोडलेल्या पायाचा खर्च त्यातून निघत नाही. खर्च झाला होता, चार महिने मागावर जाता आलं नव्हतं, घरी आई आणि धाकटी बहीण. पैसे मिळण्याची एकच वाट उरते, ती म्हणजे समोरच्या गाडीची विमा कंपनी. आणि त्या वाटेनं मोठी रक्कम मागायची तर समोरच्याची चूक लिहावी लागते. कुणीतरी त्यांना ती वाट दाखवली आणि अर्जातली भाषाही लिहून दिली. दावा दाखल करायची मुदत सहा महिन्यांची, म्हणून तो जुलैमध्ये घाईनं दाखल केला. त्या कागदावरची मी ही त्या पोराला भेटलेली मी नव्हतेच. कुठल्याही दाव्यात बसेल असं ते एक पात्र होतं.

पुढच्या वर्षी प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत आलं. कंपनीनं सत्तर हजारांवर तडजोड केली. माझी चूक नव्हती असा निकाल मिळावा अशी माझी फार इच्छा होती, तो मिळाला नाही. तडजोडीत चूक कुणाची हे ठरतच नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, साक्षीदार असते तर आम्ही लढलो असतो. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. माझ्या खिशातून काही गेलं नाही. नो क्लेम बोनसही तसाच राहिला, कारण तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे मला आधी माहीत असतं तर जानेवारीतली भीती निम्मी कमी झाली असती. आमच्या घरात तर सगळ्यांना वाटायचं की कंपनीला फोन केला की बोनस गेला.

तो मुलगा तिथं भेटला. थोडा लंगडत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी जवळ जाऊन पाय कसा आहे विचारलं. "थंडीत दुखतोय मावशी," म्हणाला. दोघांनाही पुढं काही बोलता आलं नाही.

पुन्हा तसा प्रसंग आला तर दवाखान्यात पाच हजार भरीन का? भरीन. माणूस रस्त्यावर पडलेला असताना अटींचं पान कुणी वाचत बसत नाही आणि बसूही नये. फक्त पावती जखमीच्या नावानं घेईन, आणि त्याच रात्री कंपनीला लिहीन की माणुसकी म्हणून एवढे भरले, कबुली म्हणून नव्हे. तिथल्या लोकांची नावं आणि नंबर घेईन. ट्रॅक्टरचा नंबर मी घेतला नव्हता, याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, मिरजेत एका दवाखान्याबाहेर माझी गाडी रस्त्याकडेला उभी होती. एका जीपवाल्यानं मागं घेताना उजव्या दारात ठोकली. मी आत रांगेत होते. बाहेर आले तर तो बिचारा थांबून राहिला होता. त्यानं नंबर दिला, खर्च देतो म्हणाला. मी दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे, आजूबाजूच्या रस्त्याचे फोटो काढले, शेजारच्या मेडिकलवाल्याचं नाव विचारलं, आणि गाडीत बसूनच मोबाईलवरून कंपनीला मेल लिहिला. तो इथं जसाच्या तसा देते, क्रमांक तेवढे वगळून.

"माझी पॉलिसी क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. आज सकाळी ११.२० च्या सुमारास मिरज येथे माझी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला उभी असताना अमुक क्रमांकाची जीप मागे घेताना उजव्या मागच्या दारावर धडकली. मी गाडीत नव्हते. कुणालाही इजा नाही. गाडी उभी करणारी मीच, माझा लायसन्स क्रमांक अमुक. जीपचालकाने स्वतःहून खर्च देण्याची तयारी दाखवली आहे, मी कोणतीही लेखी कबुली किंवा तडजोड केलेली नाही. साक्षीदाराचे नाव आणि नंबर सोबत. सात फोटो जोडले आहेत. ही सूचना फक्त नोंदीसाठी आहे, दुरुस्तीचा दावा मी सध्या करत नाही. पुढे गरज पडल्यास कळवेन. कृपया पोच द्यावी."

दुपारी कॉल सेंटरवरून मुलीचा फोन आला. तिनं विचारलं, मॅडम, गाडी कुठल्या वर्कशॉपला पाठवू, क्लेम उघडलाय. मी म्हटलं, उघडू नका, मेल पुन्हा वाचा. तिच्या पडद्यावर बहुतेक नुसत्या सूचनेला वेगळा रकाना नव्हता. तिनं वरिष्ठांना विचारलं, दहा मिनिटांनी परत फोन केला, आणि दावा नाही, केवळ सूचना, असं लिहिलेला मेल संध्याकाळी आला. तो येईपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही. चुकून उघडलेला दावा नूतनीकरणाच्या वेळी आडवा येऊ नये, म्हणून हे लेखी हातात हवंच.

जीपवाल्यानं चार दिवसांनी गॅरेजला परस्पर पैसे दिले. मी कंपनीला दोन ओळींत तेही कळवलं. दोन्ही मेलच्या छापील प्रती आणि पोच गाडीच्या खणात, आरसीच्या झेरॉक्समागं ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारी एक छोटी वही आणि पेन. वहीच्या पहिल्या पानावर पॉलिसी क्रमांक, कंपनीचा मेल आणि फोन लिहून ठेवलाय, सासूबाईंनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात.